मुंबई अग्निशमन दल: वर्दीपासून पंचनाम्यापर्यंत एका सेवेचे परीक्षण

पाणी, वीज, लोकल, बस या सेवांविषयी मुंबईकर रोज काही ना काही बोलतो, पण अग्निशमन दलाविषयी सहसा कोणी सविस्तर लिहीत नाही. याचे कारण उघड आहे. बहुतेकांना या सेवेची गरज आयुष्यात एखाद्याच वेळी पडते आणि त्या वेळी माणूस परीक्षण करण्याच्या मनःस्थितीत नसतो. आग विझते, बंब परत जातो, आपण घर आवरायला लागतो आणि ज्यांनी घर वाचवले त्यांच्या कामाची नोंद तिथेच राहून जाते. आमच्या इमारतीत या दलाचे काम मी जवळून पाहिले, त्यानंतर त्याचा इतिहास वाचला आणि त्याच्या कामाच्या पद्धतीविषयी समजून घेतले, म्हणून हे लिहीत आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. वर्दी, म्हणजे आगीची खबर, मिळाल्यापासून आग पूर्ण विझेपर्यंतच्या कामात हे दल या शहरातील कोणत्याही सार्वजनिक सेवेच्या तुलनेत सरस आहे. आग लागूच नये, आणि लागली तर आत काय आहे हे बाहेरच्यांना आधीच ठाऊक असावे, यासाठी जी व्यवस्था हवी ती मात्र या शहरात दुबळी आहे, आणि त्या दुबळेपणाची किंमत नागरिकांइतकीच या दलाच्या जवानांनी मोजलेली आहे.

मुंबईला आगीचा धाक जुना आहे. 17 फेब्रुवारी 1803 रोजी कोटाच्या आतील वस्तीला लागलेल्या आगीत शहराचा मोठा भाग जळून गेला आणि त्यानंतर कोटाबाहेर नवी वस्ती झपाट्याने वाढली. आज आपण ज्या काळबादेवी, मांडवी या परिसरातील दाटीविषयी बोलतो, तिच्या वाढीला त्या आगीनेही हातभार लावला. पुढे 1855 च्या सुमारास पोलीस आयुक्तांच्या अधिपत्याखाली घोड्यांनी ओढायच्या बंबांसह नियमित अग्निशमन सेवा सुरू झाली आणि 1888 च्या महापालिका कायद्याने आगीपासून जीवित व मालमत्तेचे रक्षण ही महापालिकेची जबाबदारी ठरली. घोड्यांच्या जागी मोटारी आल्या आणि केंद्रांची संख्या वाढत गेली. आज सुमारे 35 अग्निशमन केंद्रे, त्याखेरीज काही छोटी केंद्रे आणि भायखळ्याचे मुख्यालय असा या दलाचा पसारा आहे. ‘शौर्य, आत्मसंयमन, त्याग’ या आशयाचे संस्कृत ब्रीद हे दल मिरवते. त्यातला मधला शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण शौर्याचे कौतुक सगळेच करतात, पण धुराने भरलेल्या जिन्यात डोके शांत ठेवून पुढचे पाऊल टाकणे ही वेगळीच कमाई आहे.

या दलाचा इतिहास 14 एप्रिल 1944 या तारखेपाशी थांबून वाचावा लागतो. त्या शुक्रवारी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज उभे होते. बर्कनहेडहून निघालेले हे जहाज कराचीमार्गे 12 एप्रिलला मुंबईत आले होते. त्याच्या पोटात सुमारे 1,395 टन स्फोटके व दारूगोळा होता, सोन्याच्या विटा होत्या, आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या सुमारे 8,700 गासड्याही होत्या. कापूस आणि स्फोटके एकाच जहाजात शेजारी ठेवणे हीच मुळात घोडचूक होती. स्फोटके वाहणाऱ्या जहाजावर लाल निशाण असावे असा संकेत होता, तेही त्यावर नव्हते. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीनंतर कापसातून धूर येताना दिसला. सुरुवातीला अग्निशमन दलाला जो इशारा गेला तो साध्या आगीचा होता, त्यामुळे पहिल्यांदा मोजकेच पंप आले. जहाजात काय आहे हे कळल्यानंतर आणखी कुमक धावली. जवानांनी जहाजात शेकडो टन पाणी ओतले. कापूस मात्र आतून धुमसत राहिला, जहाजाचा पत्रा इतका तापला की त्याला लागलेले पाणी उकळू लागले. जहाज गोदीतून बाहेर न्यावे की तिथेच बुडवावे यावर अधिकाऱ्यांत चर्चा चालली आणि निर्णय मात्र कोणीच घेतला नाही. त्या चर्चेच्या सगळ्या काळात जवान धक्क्यावर आणि डेकवर होज, म्हणजे पाण्याचे पाइप, धरून उभे होते.

दुपारी 4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि त्यानंतर सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो किलोमीटर दूर सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. मृतांचा आकडा 800 ते 1,300 च्या दरम्यान सांगितला जातो. अग्निशमन दलाचे 66 जण त्यात गेले. त्यांच्यापैकी बहुतेकांना पळून जायला वेळ होता, कारण धोका काय आहे हे तोवर कळून चुकले होते. ते जागचे हलले नाहीत. गोदीतला ढिगारा उपसायला सुमारे 8,000 माणसे सात महिने राबली. दरवर्षी 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह देशभर पाळला जातो तो या 66 जणांच्या स्मरणार्थ, हे मुंबईतल्याही अनेकांना माहीत नसते. भायखळ्याच्या मुख्यालयात त्यांना मानवंदना दिली जाते. या घटनेकडे केवळ पराक्रमाची कथा म्हणून पाहिले तर तिच्यातला मुख्य धडा निसटतो. जवानांना आधी कळायला हवे होते ते उशिरा कळले, ज्यांनी निर्णय घ्यायचा त्यांनी तो घेतला नाही आणि या दोन्ही गोष्टींचा भार ज्यांच्या हातात पाण्याचा पाइप होता त्यांच्यावर पडला.

हा इतिहास सोडून आजच्या सेवेकडे येतो. आमची सोसायटी उपनगरातली, जुन्या बांधणीची. पावसाळ्याच्या तोंडावर एका पहाटे तळमजल्यावरच्या मीटर रूममध्ये शॉर्ट सर्किट झाले आणि वायरींच्या डक्टमधून धूर वर चढू लागला. मी 101 वर फोन केला. पलीकडच्या माणसाने पत्ता विचारला, मग जवळची खूण, इमारत किती मजल्यांची, कोणी अडकले आहे का, काय जळते आहे, असे एकामागून एक प्रश्न विचारले, आणि मी घाईघाईने फोन ठेवायला निघालो तेव्हा “साहेब, फोन ठेवू नका, मी सांगेन तेव्हा ठेवा,” असे बजावले. बोलणे संपेपर्यंत केंद्रातून गाडी निघालेलीही होती. गल्लीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना लावलेल्या मोटारींमुळे ती अडली. रहिवाशांनी दोन दुचाकी उचलून बाजूला केल्या तेव्हाच ती आत आली. केंद्रापासून गल्लीपर्यंत यायला गाडीला जितका वेळ लागला, जवळपास तितकाच वेळ गल्लीपासून फाटकापर्यंत यायला लागला.

आल्या आल्या पाण्याचा मारा होईल असे आम्हा सगळ्यांना वाटत होते. तसे झाले नाही. केंद्र अधिकाऱ्यांनी आधी वीज कंपनीच्या माणसाकडून पुरवठा तोडल्याची खात्री करून घेतली आणि विजेच्या आगीवर पाणी न घालता कोरड्या पावडरीचा मारा करायला लावला. दोन जवान पाठीवर श्वसनयंत्राची टाकी घेऊन जिन्याने वर गेले. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी घाबरून दार उघडून खाली यायला निघाल्या होत्या. जवानाने मुखवट्याआडून त्यांना थोपवले: “आजी, खाली नको, धूर खालीच आहे. आत चला, दार लावून घ्या, दाराच्या फटीला ओला टॉवेल लावा आणि खिडकीपाशी बसा. मी परत येतो.” आणि तो खरोखर परत आला. ज्या शांतपणे त्याने हे सांगितले त्यामुळे मजल्यावरचा सगळा गोंधळ निवला. जिन्यातून धावत खाली येण्याची आपली जी उपजत प्रवृत्ती असते तीच अनेकदा जीव घेते, हे मला त्या दिवशी नीट समजले.

आग विझल्यानंतरचे काम मला त्याहून जास्त भावले. आमच्या दृष्टीने सगळे संपले होते, पण एक प्रमुख अग्निशामक हातमोजा काढून पंजाच्या मागच्या बाजूने डक्टची भिंत प्रत्येक मजल्यावर चाचपत गेला. मी विचारल्यावर त्याने सांगितले की हाताच्या मागच्या बाजूला उष्णता लवकर जाणवते आणि भिंतीत चुकून वीज उतरलेली असली तर हात झटक्याने मागे येतो, तळव्याने धरले तर मूठ आवळली जाण्याची भीती असते. तिसऱ्या मजल्यावर त्याला भिंत गरम लागली, तिथला पत्रा उघडला तर आत वायरीचे वेष्टण अजून धुमसत होते. आणखी काही तासांनी तिथूनच पुन्हा आग लागली असती. पुढे विम्यासाठी लागणारा दाखला केंद्रातून मिळाला तोही सरळपणे. अर्ज दिला, कागद मिळाला, कोणी काही मागितले नाही. सरकारी कचेऱ्यांच्या अनुभवानंतर हे लिहिताना मला विशेष समाधान वाटते.

त्या पहाटे उघडे पडले ते आमच्याच इमारतीचे वास्तव. अधिकाऱ्यांनी हायड्रंटची, म्हणजे आगीसाठी ठेवलेल्या पाण्याच्या नळाची, किल्ली मागितली, ती कोणाकडेच नव्हती. होजच्या लाल पेटीत होजऐवजी झाडू आणि फिनेलचे डबे होते. आणि हे सगळे ‘उत्तम स्थितीत’ असल्याचे प्रमाणपत्र आमच्या कार्यालयात फाइलला लावलेले होते. ज्या परवानाधारक एजन्सीने ते दिले तिच्या माणसाने पंप सुरू करून पाहिल्याचे इमारतीतल्या एकालाही आठवत नव्हते.

या ठिकाणी व्यवस्थेची कमजोर बाजू सुरू होते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार इमारतीतील अग्निसुरक्षेची जबाबदारी मालकावर किंवा वापरकर्त्यावर आहे. ही यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र, ज्याला सगळे फॉर्म बी म्हणतात, वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. कागदावर ही रचना चांगली आहे. पण प्रमाणपत्र देणाऱ्या एजन्सीला पैसे देते ती सोसायटी, आणि बहुतेक सोसायट्यांना हवे असते ते स्वस्तातले प्रमाणपत्र. चालणारा पंप हवा असतो असे नाही. दलाचे अधिकारी अधूनमधून तपासणी करतात, नोटिसा देतात, पण या शहरातल्या इमारतींची संख्या पाहता ती तपासणी पुरी पडत नाही हे उघड दिसते. 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून 14 जणांचा बळी गेला. त्यांच्यापैकी अनेकांचा जीव ज्वाळांनी नाही, धुराने गुदमरून गेला. त्या रात्री बंब पोहोचले आणि जवानांनी आपले काम केले, परंतु ज्या गोष्टी पाहून ती जागा आधीच बंद करायला हवी होती त्या पाहण्याची वेळ केव्हाच निघून गेली होती. आग विझवण्यात वाकबगार असलेल्या दलाला प्रतिबंधासाठी वेगळे, पुरेसे आणि स्वायत्त मनुष्यबळ मिळत नाही तोवर हा भाग असाच राहील असे मला वाटते.

9 मे 2015 ची काळबादेवीची आग या संदर्भात पुन्हा आठवावी लागते. जुन्या हनुमान गल्लीतल्या गोकुळ निवास या लाकडी सांगाड्याच्या जुन्या इमारतीला शनिवारी संध्याकाळी आग लागली. गल्ली अरुंद, इमारती एकमेकींना खेटून, आणि शेजारच्या इमारतींत आग पसरण्याची भीती. दलाचे वरिष्ठ अधिकारी स्वतः आत गेले आणि ते आत असतानाच इमारतीचा भाग कोसळला. साहाय्यक विभागीय अधिकारी संजय राणे आणि केंद्र अधिकारी महेंद्र देसाई जागीच गेले. उपप्रमुख अधिकारी सुधीर अमीन यांनी आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांनी त्याच महिन्यात रुग्णालयात प्राण सोडले. एका महानगराच्या अग्निशमन दलाचा प्रमुख एका गल्लीतल्या आगीत जातो, यात त्या दलाची परंपरा दिसते: अधिकारी जवानांना पुढे पाठवून स्वतः मागे थांबत नाही. या परंपरेबद्दल मला नितांत आदर आहे. त्याचबरोबर, इमारत किती वेळ उभी राहील, तिच्या तुळया किती जुन्या आहेत, आत आणखी काय साठवले आहे, यांपैकी काहीही त्यांना आधी कळण्याची सोय नव्हती ही गोष्ट मला अस्वस्थ करते. गोदीतल्या धक्क्यावरच्या आणि काळबादेवीच्या गल्लीतल्या माणसांमध्ये 71 वर्षांचे अंतर आहे, पण दोघांनाही आतली माहिती जेव्हा हवी होती तेव्हा मिळाली नाही. दलाच्या नियंत्रण कक्षात प्रत्येक जुन्या इमारतीची बांधणी, जिने, धोकादायक साठा आणि पाण्याच्या जागा यांची नोंद असणे आणि ती गाडीत बसलेल्या अधिकाऱ्याच्या हातात वाटेतच पोहोचणे, ही आता चैनीची गोष्ट राहिलेली नाही.

साधनसामग्रीच्या बाबतीत मात्र या दलाने वेग दाखवला आहे, हे मान्य करायला हवे. 90 मीटरपर्यंत पोहोचणारी शिडी या दलाकडे आहे, म्हणजे साधारण तिसाव्या मजल्यापर्यंत. 22 जुलै 2019 रोजी वांद्र्याच्या एमटीएनएल इमारतीला आग लागली तेव्हा गच्चीवर आणि वरच्या मजल्यांवर अडकलेल्या 84 जणांना सुखरूप उतरवण्यात आले. दूरनियंत्रित रोबोही त्या आगीत वापरला गेला. जिथे माणूस पाठवणे म्हणजे त्याला मरणाच्या दारात ढकलणे, तिथे यंत्र पाठवता येणे ही मोठी गोष्ट आहे. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये नागपाड्याच्या सिटी सेंटर मॉलची आग पन्नासहून अधिक तास चालली, शेजारच्या उत्तुंग इमारतीतून सुमारे 3,500 रहिवाशांना बाहेर काढावे लागले आणि सर्वोच्च श्रेणीची, म्हणजे ‘ब्रिगेड कॉल’ची वर्दी द्यावी लागली. पण शिडीची उंची वाढवत नेली तरी साठ आणि सत्तर मजल्यांचे मनोरे ज्या गतीने उभे राहत आहेत त्यांची बरोबरी ती कधीही करू शकणार नाही. इतक्या उंचावर रहिवाशाला वाचवतो तो इमारतीचा स्वतःचा पंप, तिचे छतातून पाणी फवारणारे स्प्रिंकलर, आगीच्या वेळी रहिवाशांनी थांबायचा तिचा आश्रय मजला आणि धूर न शिरणारा जिना. म्हणजे गोष्ट फिरून त्याच फॉर्म बीपाशी येते.

या दलाचे काम आगीपुरते नाही हेही नोंदवले पाहिजे. इमारत पडली की ढिगारा उपसायला, समुद्रात किंवा नाल्यात कोणी बुडाले की शोधायला, लिफ्टमध्ये अडकलेल्यांना सोडवायला आणि मांज्यात गुंतलेला पक्षी झाडावरून उतरवायलाही हीच माणसे येतात. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री ताजमहाल हॉटेलच्या खिडक्यांना शिड्या लावून जवानांनी आत अडकलेल्या पाहुण्यांना खाली आणले, तेव्हा आत गोळीबार चालू होता आणि शिडीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात कोणतेही शस्त्र नव्हते. त्या रात्रीच्या आठवणींत पोलीस आणि कमांडो यांचा उल्लेख रास्तच होतो. अग्निशामकांचा मात्र क्वचित होतो.

गुण द्यायचे झाले तर वर्दी घेण्याची पद्धत, घटनास्थळावरचे कौशल्य, नागरिकांशी वागणूक आणि नंतरचे कागदपत्र या चारही बाबतींत मी पूर्ण गुण देईन. पोहोचण्याच्या वेळेचे जे गुण कापले जातात ते दलाचे नाहीत, गल्लीत दुतर्फा मोटारी लावणाऱ्या आपल्यासारख्यांचे आहेत. तपासणी आणि प्रतिबंध यांना मात्र निम्म्याहून अधिक गुण देणे माझ्या मनाला पटत नाही.

ज्यांना ही सेवा घ्यावी लागेल त्यांच्यासाठी अनुभवातून काही सांगतो. 101 वर फोन करताना पत्त्याबरोबर जवळची ठळक खूण, इमारतीचे मजले आणि काय जळते आहे हे सांगा. फाटकापाशी एका माणसाला उभे करा, म्हणजे गाडीला शोधत फिरावे लागणार नाही. हायड्रंटची किल्ली आणि गच्चीच्या दाराची किल्ली पहारेकऱ्याच्या खोलीत, सर्वांना दिसेल अशी टांगून ठेवा. लिफ्ट वापरू नका, आणि जिन्यात धूर असेल तर बाहेर पडण्याऐवजी दार बंद करून खिडकीपाशी थांबा. सोसायटीच्या समितीत असाल तर पुढच्या जुलैचा फॉर्म बी सही करून घेण्याआधी एजन्सीच्या माणसाला तुमच्यासमोर पंप सुरू करायला लावा, शेवटच्या मजल्यावरचा व्हॉल्व्ह उघडायला लावा आणि तिथपर्यंत पाणी पुरेशा दाबाने येते का ते स्वतः उभे राहून पाहा. येत नसेल तर प्रमाणपत्र न घेता त्याला परत पाठवा आणि जवळच्या अग्निशमन केंद्राला तसे लेखी कळवा.